खिमा, मका, बटाटा आणि ताटात नसलेला चिनी

एका तालुक्याच्या गावी तरुणांच्या अभ्यासवर्गात आम्ही एक गोष्ट मोठ्या आवेशाने सांगितली होती. विषय होता 'अन्न आणि श्रमिकांचा इतिहास'. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 'पाते शिन्वा' नावाचा पदार्थ घरोघरी होतो. खाली गोमांसाचा खिमा, मध्ये मक्याचे दाणे, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर आणि मग ओव्हनमध्ये भाजणे. नावाचा शब्दशः अर्थ 'चिनी पाय'. आम्ही सांगितले की कॅनडाची रेल्वे बांधणाऱ्या चिनी मजुरांना मालक हे स्वस्तातले खाणे देत, त्यांच्याकडून ते क्वेबेकच्या मजुरांनी उचलले आणि म्हणून आजही त्या देशाच्या ताटात चिनी श्रमिकाचे नाव जिवंत आहे. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, पण ते चिनी लोक भात खात नव्हते का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ती गोष्ट कुठेतरी वाचली होती, आवडली होती आणि आपल्या बाजूची आहे म्हणून तपासली नव्हती. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी पदार्थ नीट समजून घेऊ, कारण गोष्ट ताटातूनच उलगडते. अर्धा किलो खिमा, एक मोठा कांदा, मीठ, मिरपूड. कांदा लोण्यात परतायचा, त्यात खिमा कोरडा होईपर्यंत परतायचा आणि भांड्याच्या तळाशी दाबून बसवायचा. त्यावर मका. क्वेबेकमध्ये बहुतेक जण डब्यातला, दाटसर पांढऱ्या रसातला मका वापरतात, कुणी सुटे दाणेही मिसळतात. पाच-सहा बटाटे उकडून, दूध-लोणी घालून कुस्करायचे आणि वर लिंपायचे. थोडी लाल पॅप्रिका भुरभुरायची आणि अर्धा तास भाजायचे. सोबत टोमॅटोचे केचप किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेले बीट. मसाला म्हणावा असे काहीच नाही. आपल्या जिभेला हे फिके लागेल. पण फॅक्टरीतून थकून आलेल्या माणसाचे पोट भरायला आणि चार-सहा पोरांत थोडेसे मांस पुरवून खायला याच्यासारखा दुसरा उपाय नाही. मांस कमी, बटाटा जास्त. गरिबाच्या स्वयंपाकघराचे गणित जगभर सारखेच असते.

या पदार्थाला तिथे किती मान आहे तेही सांगायला हवे. 2007 साली 'ल दवुआर' या माँट्रियलच्या दैनिकाने क्वेबेकचा राष्ट्रीय पदार्थ कोणता याचा कौल घेतला, तेव्हा हाच पदार्थ पहिला आला. 1990च्या दशकात 'ला पतीत वी' नावाची विनोदी मालिका तिथे प्रचंड गाजली. तिच्यातली तेरेझ हा पदार्थ कधीच धड करू शकत नाही, थरांचा क्रम दर वेळी चुकवते. तीन थर लक्षात ठेवता न येणारी बाई हा अख्ख्या प्रांताचा विनोद झाला, कारण हा क्रम तिथल्या प्रत्येकाला पाठ असतो. (विनोद बाईवरच का, हा प्रश्न आहेच. तो वेगळ्या लेखाचा.)

आता नावाकडे वळू. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या भागाचे काम 1880 ते 1885 या काळात झाले. त्यासाठी सुमारे 15,000 चिनी मजूर आणले गेले. फ्रेझर नदीच्या दरीत उभे कडे सुरुंगाने फोडून मार्ग काढायचा होता. ते सर्वांत जिवावरचे काम चिन्यांच्या वाट्याला आले. मजुरी दिवसाला एक डॉलर, गोऱ्या मजुराला दीड ते अडीच डॉलर. वर गोऱ्याचे खाणेपिणे कंपनीकडून आणि चिन्याने मात्र आपला शिधा, आपली हत्यारे, आपला तंबू स्वतःच्या डॉलरमधून घ्यायचा. तिशीच्या आसपास मजुरांची एक टोळी आणि प्रत्येक टोळीचा स्वतःचा आचारी असे. ते काय खात? तांदूळ आणि सुकवलेला सामन मासा. ताजा भाजीपाला न मिळाल्याने स्कर्व्हीने माणसे मेली. सुरुंगात, दरडीखाली, थंडीत मेली. किमान 600 मृत्यू तर सरकारही मान्य करते.

म्हणजे त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. ते भातच खात होते. मालक त्यांना खिमा-बटाटा वाढत नव्हता, मालक त्यांना काहीच वाढत नव्हता. शिवाय ही दरी क्वेबेकपासून हजारो किलोमीटर दूर, खंडाच्या दुसऱ्या टोकाला. क्वेबेकच्या विद्यापीठातले अभ्यासक ज्याँ-पिएर लेमासाँ यांनी 2009 साली या एकाच पदार्थाच्या नावावर अख्खे पुस्तक लिहिले. रेल्वेच्या गोष्टीला आधार देणारा कागद त्यांना मिळाला नाही.

मित्रांनो, या खोट्या गोष्टीत आम्हाला जी अडचण दिसते ती निव्वळ तपशिलाची नाही. गोष्ट वरवर चिनी मजुराचा गौरव करते, पण प्रत्यक्षात मालकाची अब्रू झाकते. जो स्वतःच्या पैशाने तांदूळ विकत घेऊन स्कर्व्हीने मेला, त्याला आपण मालकाच्या पंगतीत बसवून गोमांस-बटाटा जेवू घालतो. उपाशी ठेवल्याचा इतिहास पुसून खाऊ घातल्याचा इतिहास लिहितो. आम्ही टाळ्या घेतल्या त्या याच कामासाठी.

खरा इतिहास काय म्हणतो तेही पाहा. 7 नोव्हेंबर 1885 रोजी क्रेगेलाची या ठिकाणी रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्याचा फोटो कॅनडाच्या शाळकरी पुस्तकांत असतो. उंच टोपीवाले, दाढीवाले गोरे पुढारी आणि अधिकारी, मागे गोरे कामगार. चिनी मजूर त्यात दिसत नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा करून कॅनडात येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर 50 डॉलरचा डोईकर बसवला. रेल्वे झाली, गरज संपली. त्याआधी नेमलेल्या चौकशी आयोगाचा एक प्रमुख होता जोसेफ-अडोल्फ शाप्लो, क्वेबेकचाच माजी पंतप्रधान (तिथे प्रांतप्रमुखाला हेच म्हणतात). 1900 साली कर 100 डॉलर झाला आणि 1903 साली 500. पाचशे डॉलर म्हणजे मजुराची जवळपास दोन वर्षांची कमाई. 1923 साली कर काढला आणि दारच बंद केले. चिन्यांना जवळजवळ पूर्ण प्रवेशबंदी झाली, ती 1947 पर्यंत राहिली. इकडे नवरा, तिकडे गावी बायको, अशी कुटुंबे पंचवीस-पंचवीस वर्षे तुटली. 22 जून 2006 रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. कर भरलेले जे हयात होते त्यांना किंवा त्यांच्या जोडीदारांना 20,000 डॉलर देऊ केले. ज्यांचे आईबाप आधीच मेले होते त्या मुलांना काही नाही.

नावाबद्दलची दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात 'चायना' नावाचे एक गाव आहे. चीनशी त्याचा संबंध नाही. गाव वसवणाऱ्यांना 'चायना' नावाच्या एका स्तोत्राची चाल आवडत होती एवढेच. क्वेबेकमधून तिकडे कामाला गेलेल्या लोकांनी हा पदार्थ परत आणला, म्हणून 'चायनाचा पाय', असे म्हणतात. यालाही ठोस पुरावा नाही. पण ही गोष्ट आपल्याला योग्य दिशेला नेते, कारण क्वेबेकचे लोक खरोखरच दक्षिणेकडे गेले होते. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन सीमा ओलांडून न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत गेले. लोवेल, मँचेस्टर, लुइस्टन, वूनसॉकेट. घरातली शेती पोट भरेना, दहा-बारा मुले, जमीन तुकड्या-तुकड्यांत. कोकणातून आणि घाटावरून परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेल्या माणसांची नातवंडे आपल्यात आहेत. त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. मेन राज्यातच एकोणिसाव्या शतकात मका डब्यात बंद करण्याचा धंदा उभा राहिला आणि गिरणीच्या पाळीतून आलेल्या बाईला सुरी न चालवता मका मिळू लागला. त्या वस्त्यांत या पदार्थाला आजही इंग्रजीत 'चायनीज पाय'च म्हणतात.

आणि याच वस्त्यांतल्या माणसांना एकदा सरकारी कागदावर 'चिनी' म्हटले गेले होते. ही गोष्ट आम्हाला त्या अभ्यासवर्गाच्या वेळी माहीत असती तर दुसरे काही सांगण्याची गरज पडली नसती.

1881 साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या श्रम-सांख्यिकी खात्याचा वार्षिक अहवाल निघाला. खात्याचा प्रमुख कॅरोल राइट. प्रश्न होता दिवसाला दहा तास काम हा नियम आजूबाजूच्या राज्यांतही लावावा का. अहवालात फ्रेंच-कॅनेडियनांबद्दल लिहिले गेले की हे पूर्वेकडच्या राज्यांतले चिनीच आहेत. यांना इथल्या संस्थांशी, शिक्षणाशी, नागरिकत्वाशी देणेघेणे नाही, मिळेल तितके तास राबायचे, पैसा गाठीला बांधायचा आणि परत जायचे. पश्चिमेत चिन्यांविरुद्ध जे बोलले जात होते ते शब्द उचलून पूर्वेत गोऱ्याच, पण गरीब, कॅथलिक आणि फ्रेंच बोलणाऱ्या मजुरांवर लावले गेले. पुढच्याच वर्षी, 1882 साली, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला.

फ्रेंच-कॅनेडियन चिडले. सभा झाल्या, त्यांच्या वर्तमानपत्रांनी रान उठवले, त्याच वर्षी बोस्टनमध्ये राइटने त्यांची सुनावणी घेतली. ते काय म्हणाले? आम्ही इथे घरे घेतो, चर्च बांधतो, शाळा काढतो, नागरिक होतो. सगळे खरे होते आणि पुढच्या अहवालात राइटने सूरही खाली आणला. पण त्या सगळ्या बचावाचा कणा एकच होता, आम्ही चिन्यांसारखे नाही. 'चिनी' ही शिवी का असावी, हा प्रश्न त्या बचावात नव्हता.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती नेमकी इथे दिसते. वरच्याने लाथ घातली की लाथ चुकीची आहे असे न म्हणता, ती माझ्या खालच्याला घाला म्हणायचे. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी हवा असतो, म्हणून अख्खी उतरंड उभी राहते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली लिहिले. आमच्या वस्तीत शेजारच्या वस्तीबद्दल जे बोलले जाते, पाणवठ्यावर आणि सोयरिकीच्या वेळी जे बोलले जाते, ते आठवा. फ्रेंच-कॅनेडियनांवर हसण्याआधी आमच्याच घरातले हे बोलणे आम्हाला ऐकू आले.

पदार्थाचे नाव या अहवालातून आले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर आम्ही पुन्हा तीच चूक करू. आम्ही एवढेच म्हणतो की या नावाचा पदार्थ ज्या माणसांच्या ताटात होता, त्यांना 'चिनी' या शब्दाचे वजन ठाऊक होते.

नावाच्या भानगडीत आणखी एक गंमत आहे आणि ती थेट आपल्यापर्यंत येते. क्वेबेकमध्ये मक्याला 'ब्ले दँद' म्हणतात, म्हणजे 'भारताचा गहू'. कोलंबस आपल्या देशाला निघाला आणि अमेरिकेला पोचला, तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणाला आणि ही चूक युरोपच्या भाषांत कायमची राहिली. म्हणजे या एका ताटात नावाने चीन आहे, भारत आहे आणि प्रत्यक्षात दोघेही नाहीत. जे आहेत त्यांचे नाव मात्र कुठेच नाही. मका सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या आदिवासी शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून घडवला. पिढ्यान्‌पिढ्या निवडून, बी राखून. बटाटा अँडीज पर्वतातल्या लोकांनी माणसाळवला. 1535 साली जाक कार्तिए आजच्या माँट्रियलच्या जागी असलेल्या होशलागा या गावी पोचला तेव्हा गावाभोवती मक्याची शेते होती. तिथल्या वेंदात आणि हौदेनोसौनी लोकांच्या बायका मका, शेंगा आणि भोपळा एकत्र पेरत. मक्याच्या दांड्यावर वेल चढतो, शेंगा जमिनीला नत्र देतात, भोपळ्याची पाने ओल धरतात. युरोपीय माणसाने या ताटात आणले ते फक्त गुरू. जमीन घेतली, पीक घेतले आणि नाव दिले दुसऱ्याच देशांचे.

बटाट्याच्या नशिबी तर आधी अस्पृश्यताच होती. फ्रान्समध्ये तो डुकरांचे खाणे मानला जाई. त्याने महारोग होतो अशी समजूत होती. 1748 साली पॅरिसच्या पार्लमांने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पारमांतिए नावाचा औषधी जाणणारा माणूस सात वर्षांच्या युद्धात प्रशियाचा कैदी झाला, कैदेत त्याला बटाटेच खावे लागले आणि तो जिवंत राहिला. परत येऊन त्याने आयुष्यभर बटाट्याची बाजू मांडली आणि 1772 साली पॅरिसच्या वैद्यक-पंडितांनी बटाटा खाण्याजोगा ठरवला. खिम्यावर बटाटा लिंपून भाजायच्या फ्रेंच पदार्थाला आजही त्याचे नाव आहे. इंग्लंडात तोच प्रकार 'कॉटेज पाय', म्हणजे मजुराच्या झोपडीतला पाय. क्वेबेकच्या गरिबाने मध्ये मक्याचा थर घातला आणि पदार्थ आपला केला.

आपल्याकडे बटाटा आला पोर्तुगिजांबरोबर. 'बटाटा' हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो आदिवासींचा, पोर्तुगीज तोंडून मराठीत आलेला. त्याच मार्गाने अमेरिकेतून मिरची आली, शेंगदाणा आला आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद आला. आता उपासाचे ताट डोळ्यांपुढे आणा: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची. अख्खे ताट अमेरिकेच्या आदिवासींचे. एकाही वेदात, एकाही स्मृतीत यातले काही नाही, तरी ते 'सात्त्विक' आणि सोवळे झाले. आणि इथलेच, हजारो वर्षांचे खाणे असलेले मांस विटाळ ठरले. सोवळे-ओवळे पदार्थात नसते, ते ठरवणाऱ्याच्या हातात असते.

इथेच गोमांसाचा मुद्दा येतो आणि तो टाळून हा लेख पुरा करता येणार नाही. 1948 सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडले की अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी आणि बौद्ध धर्माबद्दलच्या द्वेषाशी जोडलेले आहे. वैदिक काळात गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी बौद्धांशी चाललेल्या संघर्षात ते सोडले आणि ज्यांनी सोडले नाही ते वाळीत पडले. पण त्याच ग्रंथाची प्रस्तावना आपले तरुण वाचत नाहीत. तिथे बाबासाहेब स्वतःच सांगतात की पुराव्याच्या साखळीतल्या काही कड्या मिळत नाहीत, तिथे अभ्यासकाला तर्काने आणि कल्पनेने पूल बांधावा लागतो आणि आपली मांडणी चिकित्सेसाठी खुली आहे. कुठे पुरावा संपतो आणि कुठे तर्क सुरू होतो ते त्यांनी वाचकाला उघड दाखवले. आम्ही चिनी मजुरांची गोष्ट सांगताना ते केले नाही.

एक जुनी गल्लत इथेच काढून टाकू. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हटले, ते मांसाच्या पावित्र्या-अपावित्र्यासाठी नव्हे. ते खाणे बलुत्याच्या गुलामीशी बांधलेले होते. मेलेले ढोर ओढ, त्याबदल्यात मांस घे. ती अट त्यांनी तोडायला सांगितली. आज काही जण ते वाक्य शाकाहाराच्या प्रचाराला वापरतात. मराठवाड्यातल्या मातंग-महारांच्या खाण्यावरचे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचा. चान्या कशा वाळवत, काय कसे शिजवत, हे कुठल्याही मराठी पाककृतीच्या पुस्तकात नव्हते. ते छापायला 2015 साल उजाडले. त्याच 2015 साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली.

त्यामुळे मागच्या महिन्यात त्याच गावी पुन्हा अभ्यासवर्ग झाला तेव्हा आम्ही म्हशीचा खिमा आणला. ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्याच्या तळाला मीठ पसरून, त्यात डबा ठेवून, वर झाकण लावून भाजले. मक्याची कणसे गावचीच होती. आधी आम्ही मागच्या वेळचे चुकीचे टिपण फळ्यावर लिहिले, एकेक ओळ खोडली आणि शेजारी हे सगळे लिहिले. डोईकराच्या आकड्यांशी आल्यावर मुलांनी हिशेब मांडला की दिवसाला एक डॉलरने, पोटाचे वजा करून, पाचशे जमवायला किती वर्षे लागतील.

थर लावताना एका पोराने मका तळाशी घातला. प्रश्न विचारणारी ती मुलगी डबा पुढे ओढून म्हणाली, "सगळं काढ, पुन्हा लाव. आधी खिमा." जेवताना मात्र तिनेच तक्रार केली की अळणी लागतंय, आणि कुणीतरी घरून लसणाची चटणी आणली.